मानाचे शब्द

"शब्दसंपत्ती कमी पडली म्हणाले," मुख्याध्यापक लोटोमाऊंनी सांगितलं आणि भाजलेल्या नीरफणसाचा तुकडा नारळाच्या दुधात बुडवला.

सिलिपाला आधी वाटलं, ते भलत्याच कुणाबद्दल बोलताहेत.

"कुणाची?"

"तुझ्या मोएलांगीची. आणखी कुणाची? सकाळी आपिआहून समितीचा फोन होता. विज्ञानात पहिली, गणितात पहिली, आणि तोंडी परीक्षेत इंग्रजी शब्दसंपत्ती कमी. जागा दुसऱ्याला देणार."

"मोएलांगीची शब्दसंपत्ती कमी?"

"ओरडू नकोस. पोरं ऐकतायत."

"ऐकू देत! अख्ख्या सवाईई बेटावर त्या पोरीइतके शब्द कुणाला येत असतील तर दाखवा मला. तुम्हाला येतात का?"

लोटोमाऊ सर चावायचे थांबले. सिलिपा पंचविशीची, जीवशास्त्र शिकून न्यूझीलंडमधल्या डनिडनहून सामोआत परत आलेली. गावातली मुलगी म्हणून ते तिचं बरंच खपवून घेत. या वेळीही त्यांनी गिळलं. आधी नीरफणस, मग वाक्य.

"उद्या दुपारपर्यंत फेरविचार मागता येतो," ते म्हणाले. "पण समितीवर डॉक्टर पिसा आहेत. मोठ्या गादीचे सरदार आहेत ते. तू तिथे जाऊन हे असं बोलणार असशील तर जाऊच नकोस."

"मी जाणार."

"मग जिभेला लगाम घालून जा, बाई."

डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी फिजीला जायला यंदा बेटाच्या वाट्याला एकच जागा आली होती. ती मोएलांगीची, असं शाळेत सगळे धरूनच चालले होते. तसं धरायला कारण होतं, आणि ते सिलिपाच्या वर्गात दोरीवर लटकत होतं: चटया विणायच्या केवड्याच्या पातीच्या वाळलेल्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर शब्दाचं एकेक मूळ लिहिलेलं. 'स्पेक' म्हणजे पाहणं, 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणं, 'हेमा' म्हणजे रक्त, 'हायपो' म्हणजे खाली, कमी. एक पट्टी दुसरीत अडकवली की शब्द तयार. सिलिपाला पाठांतराचा मनापासून तिटकारा होता. वनस्पतींची शेकडो नावं ती स्वतः याच रीतीने शिकली होती. 'क्लोरो' हिरवं, 'फिल' पान. एकदा कळलं की पुन्हा घोकायला नको. लॅटिन आणि ग्रीक मेलेल्या भाषा, पण त्यांची हाडं इंग्रजीत जागोजागी सापडतात, आणि हाडं ओळखता आली की जनावर ओळखता येतं. ही रीत वर्गात सगळ्यांना जमली. मोएलांगीला मात्र तिचं वेडच लागलं. ती औषधाच्या बाटल्या वाचायची, खताच्या पिशव्या वाचायची, नवा शब्द दिसला की नीरफणस फोडावा तसा फोडून आतला गर बघायची.

आणि हिची शब्दसंपत्ती कमी!

दुपारी शाळा सुटल्या सुटल्या सिलिपा तिच्या घराकडे निघाली. रस्ताभर ती मनात समितीशी भांडत होती आणि प्रत्येक वेळी जिंकत होती.

मोएलांगीचे आजोबा पेनिआमिना चारही बाजूंनी उघड्या घरात मांडी घालून काथ्या वळत बसले होते. ते गावाचे वक्ते. सभेत गावातर्फे बोलायचं काम त्यांच्या घराण्याकडे.

"यावं, बाई यावं," ते म्हणाले. "आपल्या चरणांनी आमची ही खोपटी पावन झाली. बसायला द्यायला धड चटईसुद्धा नाही हो आमच्याकडे."

ज्या चटईवर ते तिला बसवत होते ती गावातली सगळ्यात तलम चटई होती.

"आपल्या या महालात माझ्यासारखीला कोपरा मिळाला हेच फार," सिलिपा म्हणाली. राग कितीही असला तरी एवढं म्हणावंच लागतं. मग तिने घरामागे पाहिलं. मोएलांगी केवड्याच्या पाती शिंपल्याने खरवडत होती. तिने मान वर केली नाही, म्हणजे तिला कळलं होतं.

"इकडे ये," सिलिपा म्हणाली. "काय विचारलं त्यांनी?"

"पुष्कळ काही."

"पुष्कळ नको. मला सगळं शब्दाला शब्द हवंय."

मोएलांगी समोर येऊन बसली. "त्यांनी विचारलं, कधी कुणा आजारी माणसाला मदत केलीस का. मी आजोबांचं सांगितलं."

"कसं सांगितलंस? इंग्रजीतच म्हण."

मोएलांगीने हात मांडीवर ठेवले आणि परीक्षेत म्हटलं असेल तसंच म्हटलं, "माय ग्रँडफादर वॉज सिक. ही वॉज शेकिंग. आय गेव्ह हिम शुगर. ही गॉट अप."

"पुढे?"

"पुढे काही नाही. उठले ना ते."

सिलिपाने काथ्या वळणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. गेल्या पावसाळ्यात हेच आजोबा गावच्या सभेत घामाने भिजून थरथरायला लागले होते. डोळे फिरले, जीभ अडखळली. सकाळी मधुमेहाची सुई टोचून घेतली होती, आणि सभा लांबली म्हणून पोटात काही नव्हतं. कुणी म्हणालं हृदय, कुणी म्हणालं मेलेल्या चुलत्याचं भूत. कुणी मंत्रवाल्या बाईला आणायला धावलं. तेवढ्यात ही पोर पुरुषांच्या सभेत घुसली. सुईच्या खोक्यातला कागद तिने कधीचा वाचून ठेवला होता. 'हायपो', कमी, 'ग्लाय', गोड, 'एमिया', रक्तातलं. रक्तातली गोडी कमी झालीय, असं ओरडत तिने साखर ढवळलेल्या कोकोचा वाडगा आजोबांच्या तोंडाला लावला. सगळ्या गावाने पाहिलं होतं.

"आणि हायपोग्लायसेमिया कुठे गेला?" सिलिपाचा आवाज चढला. "लक्षणं ओळखलीस, कारण शोधलंस, उपचार केलास, आणि सांगितलंस काय? साखर दिली, उठले! शिशुवर्गातलं पोर बोलतं असं!"

मोएलांगी बोटाला चिकटलेला पातीचा तंतू सोलत राहिली.

"डॉक्टरांबद्दल काही विचारलं होतं?"

"हो. जिल्हा रुग्णालयातले डॉक्टर काय करतात ते विचारलं. मी म्हटलं, ते पेशंटला ऑब्झर्व्ह करतात, डायग्नोज करतात, मेडिसिन अ‍ॅडमिनिस्टर करतात, रिकव्हरी मॉनिटर करतात."

"म्हणजे शब्द येत होते!"

"येतात की."

"मग स्वतःची वेळ आली तेव्हा काय जीभ झडली होती तुझी?"

आता मोएलांगीने मान वर केली. तिचे डोळे भरलेले नव्हते, तापलेले होते.

"बाई, मी स्वतःला मानाचे शब्द लावू? स्वतःला? एवढ्या मोठ्या गादीचा माणूस समोर बसलेला असताना? लोक थुंकले असते माझ्यावर. आणि आजोबांना काय तोंड दाखवलं असतं? तुम्हीच शिकवलंत ना ते शब्द कुणाचे आहेत ते!"

काथ्या वळणारे हात थांबले. ते सिलिपानेच शिकवलं होतं. तिचा सगळ्यात आवडता तास होता तो.

सामोआत प्रत्येक पोराला बोलायला लागल्यापासून दोन थर कळतात. आपण खातो, पण सरदार भोजन करतात. आपण झोपतो, ते निद्रा घेतात. आपलं घर असतं, त्यांचा महाल असतो. डुकरालासुद्धा दोन नावं आहेत, एक चिखलात लोळतानाचं आणि एक सरदारापुढे वाढतानाचं. वर्गाला लॅटिन शब्द जड जात होते तेव्हा सिलिपाला एक दिवस हे आठवलं, आणि तिने फळ्यावर एक आडवी रेघ ओढली. इंग्रजांच्या देशावर एकदा समुद्रापलीकडून सरदार चालून आले, तिने सांगितलं. ते फ्रेंच बोलायचे, आणि फ्रेंच ही लॅटिनची लेक. म्हणून गोठ्यातली 'काऊ' सरदारांच्या ताटात 'बीफ' झाली. चिखलातलं 'पिग' ताटात 'पोर्क' झालं. रेघेखाली 'आस्क', वर 'इन्क्वायर'. खाली 'हेल्प', वर 'असिस्ट'. खाली 'हाऊस', वर 'रेसिडन्स'.

वर्गात छप्पर उडेल असा गलका झाला. "बाई, म्हणजे आपल्यासारखंच! डुकराला दोन नावं!" त्या दिवसापासून कुणालाच लॅटिन जड गेलं नाही. रेघेखालचे घरचे शब्द, रेघेवरचे मानाचे. सिलिपाला स्वतःच्या हुशारीचा इतका आनंद झाला होता की त्या रात्री तिने डनिडनच्या मैत्रिणीला फोन करून सगळं सांगितलं होतं.

पण रेघेला सामोआत एक नियम चिकटलेला असतो. तो कुणी शिकवत नाही, कारण तो शिकावा लागत नाही. मानाचे शब्द दुसऱ्यासाठी. स्वतःला, स्वतःच्या घराला, स्वतःच्या माणसांना घरचेच शब्द. सरदारही स्वतःच्या तोंडाने 'मी खाल्लं' असंच म्हणतो. उलटं केलं तर तो उद्धट नाही, वेडा ठरतो. पोरांनी इंग्रजी शब्दांबरोबर हा नियमही उचलला होता, आणि इंग्रजीत तो नाही हे सांगायचं सिलिपाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

येईल कसं? डनिडनला तिच्या पहिल्या प्रबंधिकेत मार्गदर्शकाने लाल शाईने हेच तर खोडलं होतं. दुसऱ्यांच्या शोधांबद्दल तिने 'ऑब्झर्व्ह', 'डेमॉन्स्ट्रेट' लिहिलं होतं आणि स्वतःच्या प्रयोगाबद्दल 'मी पाहिलं', 'मला दिसलं'. असं का लिहिलंस, असं त्यांनी विचारलंही नव्हतं. तिनेही मुकाट्याने बदललं आणि विसरून गेली.

"पोरीने योग्य तेच केलं," आजोबा म्हणाले.

"योग्य केलं आणि जागा गेली, आजोबा."

"मग त्या जागेतच काही खोट असेल."

सिलिपाच्या तोंडावर आलं होतं की पुढच्या वेळी सभेत कापायला लागलात की त्या खोट असलेल्या जागेवर शिकलेला डॉक्टरच लागेल तुम्हाला. ते तिने गिळलं.

"उद्या पहाटेच्या बोटीने आपण आपिआला जातोय," ती मोएलांगीला म्हणाली. "वाटेत तुला बोलायला शिकवते."

बोटीवर वारा होता आणि डिझेलचा वास. दोघी वरच्या डेकवर बाकाला टेकून बसल्या. शेजारी खाली चटई अंथरून एक दांडगी बाई पसरली होती. तिच्या मांडीवर नातू झोपला होता, उशाला अळकुड्यांची टोपली.

"म्हण," सिलिपा म्हणाली. "आय रेकग्नाइज्ड द सिम्प्टम्स."

"बाई..."

"म्हण!"

"आय रेकग्नाइज्ड," मोएलांगी समुद्राकडे बघून पुटपुटली.

"मोठ्याने. आय इमिजिएटली अ‍ॅडमिनिस्टर्ड ग्लुकोज."

"आय इमिजिएटली..." ती थांबली. "बाई, ओठच वळत नाहीत. अंगावरचं फेडून बाजारात उभं राहिल्यासारखं वाटतं."

"काही होत नाही. तिकडे सगळेच असं बोलतात. त्यांना लाज वाटत नाही, तुला कशाला वाटते? म्हण. माय इंटरव्हेन्शन सेव्ह्ड हिज लाइफ."

मोएलांगीने श्वास घेतला आणि एका दमात, बोटीच्या इंजिनावर आवाज चढवून म्हटलं, "माय इंटरव्हेन्शन सेव्ह्ड हिज लाइफ!"

चटईवरच्या बाईने एक डोळा उघडला.

"अगं बाई! कुणाची राणी म्हणायची ही?"

मोएलांगीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"मावशी, तुम्ही झोपा," सिलिपा म्हणाली.

"झोपते कशी? एवढी मोठी स्वारी शेजारी बसलीय. ऑकलंडात बारा वर्षं कारखाना झाडलाय मी, मला कळतं इंग्रजी." बाई उठून बसली आणि हात जोडून मोएलांगीपुढे वाकली. "महाराणी, आपल्या हस्तकमलांनी कुणाचे प्राण वाचवले म्हणे? आणि दुपारचं भोजन कुठं घेणार आपण? की आमच्यासारखी खाणार?"

आजूबाजूचे चारपाच जण हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "अगं, महाराणीला बाकावर काय बसवलंय, उशी द्या!"

"शिकवतेय मी तिला!" सिलिपा ओरडली.

"कुणाच्या पोरीला हे असलं शिकवता? आईबाप नाहीत का हिला?"

मोएलांगी उठली आणि डेकच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. सिलिपा मागून गेली तर ती वळलीसुद्धा नाही.

"मी नाही म्हणणार ते," ती कठड्याला म्हणाली. "जागा गेली तर गेली. मी नाही म्हणणार."

"दोन वर्षं घालवली मी तुझ्यावर!"

"मग तुम्हीच म्हणा."

बोट धक्क्याला लागली तेव्हा मोएलांगी सगळ्यांच्या आधी उतरली.

समितीच्या खोलीत पंखा होता, पण वारा नव्हता. टेबलामागे दोघं. डॉक्टर पिसा पांढऱ्या केसांचे, रुंद खांद्यांचे, लुंगीवर कडक इस्त्रीचा कोट. त्यांच्या शेजारी न्यूझीलंडच्या मिसेस हॅलोरन, गोऱ्या, किडकिडीत, तीन वर्षांपासून इथे. सामोअन येत नव्हती. त्यांनी दोघींना पाणी दिलं, खुर्च्या दिल्या, आणि सिलिपाचं सगळं म्हणणं मन लावून ऐकून घेतलं. सिलिपाने इंग्रजीत सगळं मांडलं. दोन थर, रेघ, मानाचे शब्द, नियम. ते तिने जीवशास्त्रातला प्रयोग समजवावा तसं समजवलं, आणि आवाज एकदाही चढू दिला नाही.

"किती गोड प्रथा आहे," मिसेस हॅलोरन म्हणाल्या. "खरंच. पण ही इंग्रजीची परीक्षा आहे, आणि इंग्रजीत असा नियम नाही. मला वाटलं, मोठे शब्द तिने पाठ केलेत. डॉक्टरांबद्दलचा परिच्छेद कुणीतरी घोकून घेतला असेल आणि स्वतःचं बोलायची वेळ आली तेव्हा खरी पातळी उघडी पडली. दुसरं काय वाटणार? मला कुणी सांगितलं नाही."

ते खरं होतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सिलिपाने मान वळवून डॉक्टर पिसांकडे पाहिलं. या बाईला कळणं शक्य नव्हतं. पण त्या दिवशी या टेबलामागे असाही एक माणूस होता, जो ऐकताक्षणी ओळखणार होता.

ती सामोअनमध्ये बोलू लागली.

"महाराज, त्या दिवशी आपण इथे विराजमान होतात. या मुलीचे शब्द आपल्या कर्णी आले. ती काय करते आहे, हे आपल्या ध्यानी आलं होतं का?"

डॉक्टर पिसांनी टेबलावरची पेन्सिल सरळ केली.

"आलं होतं."

"मग आपण मौन का धरलंत?"

"इथे आम्ही इंग्रजी मोजतो, बाई. चालीरीती नाही. यांच्यासमोर आपल्या रीतीभाती उलगडत बसलो तर उद्या म्हणतील, या लोकांना प्रत्येक ठिकाणी सवलत हवी असते. ते मी खूप ऐकलंय. पुन्हा ऐकायचं नव्हतं." ते थांबले. "पोर हुशार आहे. पुढच्या वर्षी बसेल."

पुढच्या वर्षी जागा येते की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनाही. सिलिपा उठून उभी राहिली. सरदार बसलेला असताना त्याच्यासमोर उभं राहून बोलत नाहीत, हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच ती उभी राहिली.

"तू बसला होतास," ती म्हणाली. "तू ऐकलंस. तुला कळलं. तू तोंड मिटून बसलास. मग तू घरी गेलास, खाल्लंस आणि झोपलास."

त्यातल्या प्रत्येक गोष्टीला सरदारासाठी वेगळा शब्द आहे. तिने एकही वापरला नाही. एकेक घरचा शब्द काढून टेबलावर आपटला.

मोएलांगी खुर्चीवरून घसरून जमिनीवर आली. मांडी घालून, मान छातीपर्यंत वाकवून तिने डॉक्टरांच्या गावाची, गादीची, घराण्याची सगळी बिरुदं एकामागून एक म्हणायला सुरुवात केली. एकही सुटलं नाही. वक्त्याचीच नात होती ती. आणि शेवटी, "आमच्या अज्ञानावर, आमच्या घाणेरड्या जिभेवर आपण दया करावी," म्हणून कपाळ फरशीला टेकवलं.

"काय झालं?" मिसेस हॅलोरन उठल्या. "ती खाली का बसली? काय म्हणाल्या या तुम्हाला?"

डॉक्टर पिसांनी पेन्सिल बाजूला सारली. मानेवरची शीर ठळक दिसत होती. मग ते इंग्रजीत म्हणाले, "शी सेड आय सॅट हिअर. शी सेड आय न्यू, अँड आय सेड नथिंग. इट इज ट्रू. आय न्यू."

मिसेस हॅलोरन त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा हात हळूहळू पाण्याच्या ग्लासवर येऊन थांबला.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "तुम्ही नेहमी असंच बोलता. स्वतःबद्दल बोलताना. 'आय वेन्ट. आय सॉ सम सिक मेन.'"

"मग?"

"काही नाही."

"मग काय, मिसेस हॅलोरन?"

"मला वाटायचं..." त्यांनी ग्लास थोडा दूर सरकवला. "मला तीन वर्षं वाटत होतं की तुमचं इंग्रजी जरा... साधं आहे. म्हणून अहवाल नेहमी मीच लिहायचे. तुम्हाला त्रास नको म्हणून."

डॉक्टर पिसांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. सिलिपाला कळलं ते का मिटलं ते. लंडनमध्ये शस्त्रक्रियेची पदवी घेतलेला हा माणूस आत्ता स्वतःच्या तोंडाने ते सांगू शकत नव्हता. मोएलांगीला सांगता आलं नव्हतं तसंच. सिलिपाला क्षणभर बरं वाटलं. सूड मिळाल्यासारखं.

तेवढ्यात फरशीवरून आवाज आला. मोएलांगी मान न उचलता इंग्रजीत बोलत होती.

"द डॉक्टर इन्स्टिट्यूटेड द डायबिटीस क्लिनिक ऑन अवर आयलंड. ही पर्सनली इन्स्पेक्टेड इट. ही ट्रान्सपोर्टेड द इन्सुलिन इन हिज ओन व्हेइकल, बिकॉज द रेफ्रिजरेटर वॉज डिफेक्टिव्ह. ही परफॉर्म्ड न्यूमरस अ‍ॅम्प्युटेशन्स, अँड प्रिव्हेन्टेड मेनी मोअर."

एकेक शब्द तिने पट्टीत पट्टी अडकवावी तसा नीट बसवला होता. 'पोर्ट', 'स्पेक', 'व्हेन्ट', सगळी हाडं जागच्या जागी. हे कुणी घोकून घेतलेलं नव्हतं. आपिआच्या या खोलीत असं काही होईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मिसेस हॅलोरननी वाकून तिच्याकडे पाहिलं. "पण मग तुमच्यात कुणी काही मोठं केलं असेल तर ते कळतं कसं?"

"समबडी एल्स सेज इट," मोएलांगी म्हणाली. दुसरं कुणीतरी सांगतं.

"मग सांगा कुणीतरी," मिसेस हॅलोरन म्हणाल्या. त्यांचा आवाज चिडका झाला होता, पण कुणावर ते त्यांनाही कळत नसावं.

सिलिपा सांगणारच होती, पण डॉक्टर पिसांनी हात वर केला. सभेतल्या त्या सकाळची गोष्ट त्यांनीच सांगितली. दवाखान्यात पेनिआमिना त्यांचेच रोगी होते; म्हाताऱ्याच्या तोंडून सगळं त्यांनी ऐकलं होतं. तोंडी परीक्षेच्या वेळीही त्यांना ते ठाऊक होतं. सिलिपाच्या मुठी वळल्या. पण आता ते सांगत होते, आणि स्वतःसाठी कधी काढले नव्हते ते सगळे मानाचे शब्द या पोरीसाठी काढत होते. रेकग्नाइज्ड, डिड्यूस्ड, इन्टरव्हीन्ड. 'विदाउट हेझिटेशन'. फरशीवर बसलेली मोएलांगी लाजेने आणखी खाली वाकत गेली.

"गुण बदलते मी," मिसेस हॅलोरन शेवटी म्हणाल्या. "जागा तिचीच. आणि डॉक्टर, पुढचा अहवाल तुम्ही लिहा."

"आधीचेही पुन्हा लिहावे लागतील," डॉक्टर पिसा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सिलिपाला पहिल्यांदा राग ऐकू आला. तो फार उशिरा आला होता.

दारापाशी त्यांनी सिलिपाला थांबवलं.

"माझ्या गावी येऊन माफी मागावी लागेल तुला. माहीत आहे ना?"

"माहीत आहे. रीतीप्रमाणे माफीची चांगली चटई घेऊन येईन," सिलिपा म्हणाली. आणि मग, कारण तिचा राग अजून शमला नव्हता, "आपणही आमच्या गावी यावं, महाराज. पेनिआमिना आजोबांकडे. चटई आपल्यालाही लागेल."

ते हसले नाहीत. पण मान किंचित हलवली.

परतीच्या बोटीवर मोएलांगी सिलिपापासून दोन बाकं दूर बसली. आनंद झालाय असं तिच्याकडे बघून कुणी म्हटलं नसतं.

"'तू' म्हणालात तुम्ही त्यांना," धक्का दिसायला लागला तेव्हा ती बोलली. "'झोपलास' म्हणालात."

"हो."

"आजोबांना मी काय सांगू?"

"खरं ते सांग."

"ते तुमच्याशी बोलणार नाहीत."

"नको बोलू देत," सिलिपा म्हणाली. मग थोड्या वेळाने, "उद्या वर्गात ये. फळ्यावरची ती रेघ पुन्हा काढायचीय. तिचा नियम इथपर्यंतच आहे, समुद्रापलीकडे नाही, हे मला सगळ्यांना सांगायचंय. तुझ्या पाठचे अजून पुष्कळ आहेत."

"सांगून त्यांचे ओठ वळतील?"

पट्ट्या नुसत्या दोरीवर लटकवून भागणार नव्हतं, एवढं सिलिपाला कळत होतं.

धक्क्यावर लोटोमाऊ सर छत्री घेऊन उभे होते. आपिआहून त्यांना फोन आला असावा, कारण चेहरा एकाच वेळी खूश आणि घाबरलेला दिसत होता.

"काय केलंस तू तिथे, सिलिपा?"

सिलिपा फळीवरून खाली उतरली. मूठ अजून पुरती सैल झाली नव्हती.

"काही नाही, सर," ती म्हणाली. "गेले, ओरडले, आले."